‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ : बिलावरच्या या ओळीचा खरा अर्थ

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असे बिलावर छापले असेल तर सदोष वस्तूचेही पैसे मागता येत नाहीत’ हा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. तो पटतो, कारण त्यात निम्मे तथ्य आहे. रंग आवडला नाही किंवा विचार बदलला, तर दुकानातून घेतलेली वस्तू परत घेणे बहुधा विक्रेत्याच्या मर्जीवर असते.

वस्तूतच दोष निघाला तर मात्र प्रश्न मर्जीचा राहत नाही, कारण तेथे विक्रेत्याची जबाबदारी कायदा ठरवतो आणि छापील ओळीने ती पुसली जात नाही. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने सदोष वस्तू सामान्यतः 30 दिवसांत नाकारता येते. युरोपीय संघातील देशांत विक्रेत्याची कायदेशीर हमी किमान 2 वर्षांची असली, तरी आधी सहसा दुरुस्ती किंवा बदली स्वीकारावी लागते. म्हणजे रोख परतावा लगेच मिळेलच असे नाही.

पडताळणीसाठी आपल्या देशाच्या कायद्याचा मूळ मजकूर, विशेषतः त्यातील व्याख्या, वाचाव्यात. ‘कंपनीकडे जा’ हे उत्तरही तपासून पाहावे, कारण उत्पादकाची वॉरंटी वेगळी आणि विक्रेत्याची जबाबदारी वेगळी. तक्रार लेखीच करावी आणि तिला बिलाची प्रत, दोषाचे फोटो व तो आढळल्याची तारीख जोडावी.