टेबलावरचे राक्षस येतात कुठून? (आमच्याकडे खेळायला येणाऱ्यांसाठी)

नमस्कार मंडळी,

बुकिंग करताना बरेच जण एक गोष्ट हमखास विचारतात, त्यातही पोरांना घेऊन येणारे आईबाबा तर नक्कीच, की या रोलप्लेइंग गेममध्ये (म्हणजे टेबलाभोवती बसून, गोष्टीतली पात्रं होऊन खेळायच्या खेळात) भुतंखेतं आणि राक्षस लागतातच कशाला आणि ते तुम्ही मनाने बनवता का कुठल्या पुस्तकात असतात. शनिवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या आमच्या छोट्याशा दुकानात काउंटरवर उभं राहून हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवलंय, निवांत वाचा.

आधी थोडक्यात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणायचं, बाकी चार-पाच जण एकेक पात्र घेतात, काय करायचं ते तोंडाने सांगतात आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. या प्रकारातला पहिला प्रकाशित गेम म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. मग 1977 मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल आलं, नुसतं राक्षसांचं जाडजूड पुस्तक. त्यात ग्रीक मेडुसा आहे, जर्मन खाणकामगारांच्या गोष्टींमधला कोबोल्ड आहे, नॉर्वेकडचा ट्रोल आहे, आणि त्यांच्याच शेजारी घुबड-अस्वल आणि लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर, हे दोघं हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले! म्हणजे अर्धा माल वारशाचा आणि अर्धा नवा.

आता आमचं म्हणणं. नवे प्राणी मजेशीर असतात पण वारशाने आलेल्या राक्षसासोबत एक गोष्ट आयती येते, ती म्हणजे त्याची तोड. मेडुसाकडे बघायचं नाही (बघितलं की माणसाचा दगड होतो), व्हॅम्पायर आरशात दिसत नाही, हे खेळणाऱ्याला फासा हातात घ्यायच्या आधीच माहीत असतं, त्यामुळे तो तलवार काढण्याऐवजी डोकं चालवायला लागतो. नुसते हिट पॉइंट (म्हणजे समोरच्याचा किती जीव उरलाय त्याचा आकडा) कमी करत बसणं हा हिशोब झाला, तोड शोधणं हा खेळ.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे लिच. हा मेलेला जादूगार, ज्याने स्वतःचा आत्मा एका डबीत लपवून ठेवलाय, त्याला कितीही वेळा मारा, डबी शाबूत आहे तोवर काही दिवसांत तो नवं शरीर घेऊन परत हजर. पुस्तकात यावर भरपूर मजकूर आहे पण आमच्या टेबलावर तो वाचायची वेळच येत नाही, कारण कोणीतरी लगेच म्हणतं "अरे म्हणजे याचा जीव पोपटात आहे!" आणि सगळी टीम लढाई सोडून पोपट शोधायला पळते. सात समुद्रापलीकडचं झाड, त्यावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, हे आपण सगळ्यांनी जेवताना ऐकलेलं असतं, त्यामुळे लिच आपल्याला कधी परका वाटलाच नाही.

उलट गंमत राक्षसाची होते. हो, मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये "राक्षस" नावाचाच प्राणी आहे, पण तो वाघाच्या तोंडाचा, उलट्या तळहातांचा, झुलता झगा घालून हातात पाइप धरलेला साहेब आहे आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. ही बाणाची कल्पना आपल्या कुठल्या पुराणातली नाही, 1974 च्या एका अमेरिकन टीव्ही सिरियलच्या एपिसोडमधून आलेली आहे. तो प्राणी वाईट नाहीये, फसवाफसवीच्या गोष्टीला एकदम फिट बसतो, पण बकासुर ऐकून वाढलेल्या पोरासमोर तो ठेवला की त्याला पटत नाही. बकासुराकडे बघा ना, एकचक्रा नगरीतून रोज गाडाभर अन्न, गाडीचे बैल आणि गाडी हाकणारा माणूससुद्धा, आणि आज कोणाच्या घराची पाळी हा गावापुढचा प्रश्न. यात आख्खं सेशन तयार आहे, गाव घाबरलेलं आहे, घरात रडारड आहे, गाडी कोणी न्यायची यावर भांडण आहे आणि लढाई सगळ्यात शेवटी. म्हणून आमचे डीएम राक्षस आणायचा असेल तर शक्यतो आपलाच आणतात.

चकव्याचं कसं करतो ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे अंदाज येईल. पात्रं येऊरसारख्या जंगलातून रात्री चालली आहेत, डीएम सांगतो डावीकडे वडाचं झाड आहे, एका पारंबीला लाल चिंधी बांधलेली आहे. पुढे ओढा, मग चढ, मग परत डावीकडे वड आणि लाल चिंधी. इथे विस्डमचा सेव्ह (म्हणजे पात्राच्या शहाणपणावर, ते फसतं की सावध होतं हे ठरवणारा फासा) मागतो, 20 बाजूंच्या फाशावर 15 च्या वर आलं तर एवढंच कळतं की झाड तेच आहे, बाहेर पडायची वाट मात्र कळत नाही, आणि दर फेरीला एक मशाल जळते आणि थकवा एका पायरीने वाढतो. जादूगार उजेड पाडतो, रेंजर तारे बघतो, फायटर झाडच तोडायला निघतो आणि यातलं काहीच चालत नाही, कारण चकव्याला हिट पॉइंटच दिलेले नाहीत. मग कोकणात आजोळ असलेलं कोणीतरी हळूच म्हणतं, बसा रे सगळे खाली, उजाडेपर्यंत उठायचं नाही. बस्स, हीच तोड. पण मग रात्रभर एका जागी बसायचं आणि आजूबाजूने ओळखीच्या आवाजात हाका येतात, तेव्हा कोण उठतं ते बघण्यासारखं असतं.

इथे एक वाद नेहमी होतो, की खेळणाऱ्याला माहीत आहे म्हणून पात्राला माहीत असेल का? ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात आणि आगीने किंवा ॲसिडनेच ते थांबतं हे जुन्या खेळाडूंना पाठ असतं आणि ते लगेच तेल-मशाल मागतात. काही ठिकाणी याला चीटिंग धरतात, आम्ही धरत नाही. पात्रालाही आजी असणारच की, ज्या गावाला ट्रोलचा त्रास आहे तिथल्या पोरांना त्याची तोड माहीत नसेल तर तेच नवल. कधीकधी आम्ही तोड बदलतो, पण खूण न देता कधीच नाही, तुमची माहिती खोटी ठरणार असेल तर आधी गावात कोणाच्या तरी बोलण्यात, एखाद्या जळक्या झोपडीत त्याचा माग मिळेलच.

आणि एक गोष्ट आम्ही अजिबात करत नाही. ज्याची पूजा होते त्याला शत्रू म्हणून टेबलावर आणत नाही. वेताळाच्या कोड्यांच्या गोष्टी चालतात, पण वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार आहे, लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात आणि रात्री तो गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात असं मानतात. तसाच आपल्या या भागातल्या वारल्यांचा वाघोबा. यांना हिट पॉइंट देऊन मारायला लावणं आम्हाला पटत नाही. गोष्टीत आलेच तर राखणदार म्हणूनच येतील, त्यांच्या हद्दीत नीट वागायचं.

लहान मुलांच्या टेबलावर हडळ, मुंजा वगैरे भीतीचे प्रकार आईबाबांना विचारूनच घेतो. मोठ्यांनीही काही नको असेल (बुडणं, लहान मुलाचा मृत्यू, साप, काहीही) तर बुकिंगच्या वेळी सांगा, कारण विचारणार नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावचं एखादं भूत असेल जे दुसरीकडे कोणी ऐकलेलं नाही, तर आजी-आजोबांना, मामा-मावशीला विचारा आणि येताना घेऊन या, व्हॉईस नोट असली तरी चालेल. तीन गोष्टी हव्यात, ते कुठे भेटतं, काय करतं आणि त्याची तोड काय. घरच्यांची हरकत नसेल तर ते आम्ही टेबलावर आणू आणि पहिलं सेशन तुमच्याच ग्रुपला खेळायला देऊ.