दोनशे सीडींच्या संचामागची दीडशे वर्षं

नाशिकमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारे मोजकेच, पण जे आहेत ते मनापासून ऐकतात. अशा दोघांची कॉलेज रोडवर गाठ पडली की आज ना उद्या तो विषय निघतोच: मोझार्टचा किंवा बाखचा समग्र संच घ्यावा का? दोनशेच्या घरात सीडी, सोबत जाडजूड पुस्तकं, आणि रक्कम अशी की घरात आधी बोलून घ्यावं लागतं. चर्चा बहुधा किंमत आणि कपाटातली जागा या दोन गोष्टींवर अडते. मला त्याच्या अलीकडचे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. हा संच 'समग्र' आहे हे कोणी ठरवलं? एवढं सगळं ध्वनिमुद्रित करायचा खर्च कोणी उचलला? आणि जे संगीत एकेकाळी श्रीमंतांनाही पुरतं ऐकायला मिळत नव्हतं, ते एका खोक्यात कसं आलं?

सुरुवात कागदापासून करावी लागते. बाख १७५० मध्ये वारला तेव्हा त्याचं बरंचसं संगीत हस्तलिखितातच होतं. पुढे ती हस्तलिखितं मुलांत वाटली गेली, काही विकली गेली, काही हरवली. मृत्यूनंतर छापलेल्या चरित्रलेखात त्याच्या चर्चसाठीच्या कँटाटांचे, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या रचनांचे, पाच वार्षिक संच असल्याचा उल्लेख आहे; आज हाती आहेत त्या दोनशेच्या आसपास. म्हणजे बाखचा कोणताही 'संपूर्ण' संच हा उरलेल्या बाखचाच संच असतो. हे ध्यानात ठेवून पुढे गेलेलं बरं.

१८५० मध्ये, त्याच्या शताब्दीच्या वर्षी, लाइपझिगमध्ये बाख-गेझेलशाफ्ट ही संस्था निघाली. संस्थापकांत संगीतकार शूमान होता. बाखचं मिळेल तेवढं सगळं, मूळ हस्तलिखितांशी ताडून, छापायचं असं ठरलं. सेहेचाळीस खंड निघाले आणि त्याला जवळपास पन्नास वर्षं लागली. पैसा आला तो वर्गणीतून. खंड हातात यायच्या आधी वर्गणी भरायची आणि वाट बघायची! मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. प्रकाशनपूर्व नोंदणी करून महिनोन्महिने पुस्तकाची वाट पाहणारी घरं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे राहिले तेही लोकांनी आधी पैसे गुंतवले म्हणून. आणि नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, म्हणजे त्या लाइपझिगच्या संस्थेहून दहा वर्षांनी थोरलं. एकट्याला न परवडणारं धन दहाजणांनी मिळून आणायचं, ही रीत या गावाने तेव्हापासून पाहिली आहे.

मोझार्टच्या बाबतीत हे काम एका हौशी माणसाने केलं. लुडविग फॉन कोशेल कायदा शिकलेला, राजघराण्यातल्या मुलांचा शिक्षक, वनस्पती आणि खनिजं गोळा करणारा. नमुन्यांवर क्रमांक घालायची त्याला सवयच होती. मोझार्टच्या रचना विस्कळीत पडलेल्या पाहून त्याने त्या कालक्रमाने लावल्या आणि १८६२ मध्ये यादी छापली. अखेरचा क्रमांक ६२६, तो अपुरा राहिलेला रिक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत. आज सीडीच्या पाठीवर 'के' किंवा 'केव्ही' आणि पुढे आकडा दिसतो, तो याचा. बाखच्या रचनांना असे क्रमांक मिळाले ते १९५० मध्ये, वोल्फगांग श्मीडरच्या सूचीतून. शूबर्टची सूची ऑटो एरिख डॉइचने १९५१ मध्ये पुरी केली. या याद्या झाल्या नसत्या तर रेकॉर्ड कंपन्यांना 'समग्र' म्हणण्यासारखं काही हातीच नव्हतं. खोक्यावर नाव छापलेलं असतं वादकांचं, गायकांचं, कंपनीचं. कोशेल आणि श्मीडर यांचे उपकार मात्र प्रत्येक सीडीवर आहेत.

ध्वनिमुद्रणात पहिली अडचण होती वेळेची. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या जुन्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आत-बाहेर संगीत मावे. बीथोवेनची एकट्या पियानोवरची चाळीस मिनिटांची रचना, म्हणजे सोनाटा, ऐकायची तर तबकडी उलटता उलटताच ऐकावी लागे. असं अवजड, महागडं काम कोण विकत घेणार? लंडनमध्ये एचएमव्हीत काम करणाऱ्या वॉल्टर लेग या तरुणाने तोच जुना उपाय काढला: आधी ग्राहक, मग ध्वनिमुद्रण. १९३१ मध्ये ह्यूगो वोल्फच्या गीतांसाठी 'सोसायटी' निघाली. पाचशे जणांनी आगाऊ पैसे भरले तरच काम सुरू करायचं, अशी अट होती. पैसे जमले. लागोपाठ बीथोवेन सोनाटा सोसायटी आली आणि पियानोवादक आर्टुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात अॅबे रोडच्या स्टुडिओत बत्तीसच्या बत्तीस सोनाटा वाजवल्या. श्नाबेलला ध्वनिमुद्रणाचा तिटकारा होता. मेणाच्या तबकडीवर दुरुस्तीची सोय नव्हती, त्यामुळे निसटलेले स्वर तसेच राहिले. ते स्वर ऐकूनही हा संच आजवर कोणी मोडीत काढलेला नाही. माझ्या मते 'संपूर्ण' या कल्पनेची खरी किंमत तिथे कळते: एकच माणूस, एकच मन, पहिल्या सोनाटापासून शेवटच्यापर्यंत.

हाच काळ आपल्याकडे पंचवटीत विष्णू दिगंबर पलुस्करांचा. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारे हे गृहस्थ पुढे नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात राहिले. १९३१ मध्ये, वोल्फ सोसायटीच्याच वर्षी, ते गेले. गाणं कागदावर उतरवता यावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती बांधली आणि पुस्तकांमागून पुस्तकं छापली. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून त्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत रागवार लावल्या. कोशेलच्या कामाचं हे आपल्याकडचं भावंड. तरीही ख्यालाच्या बंदिशी रचणाऱ्या सदारंगाचा 'समग्र संच' निघू शकत नाही. बंदिश सदारंगाची असली तरी राग उभा राहतो तो गाणाऱ्याच्या गळ्यात, त्या बैठकीत. आणि तीच बंदिश उद्या वेगळी होते. म्हणून आपल्याकडे संच निघतात ते गायकाचे. नाशिकला जन्मलेले दत्तात्रेय विष्णू पलुस्कर १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. एलपीचं, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीचं, युग आपल्याकडे रुजण्याआधीच. त्यांचं तबकड्यांवरचं गाणं एका लहानशा संचात मावेल, आणि तीन मिनिटांत त्यांनी राग कसा मांडलाय हे ज्याने ऐकलं आहे त्याला तो लहान संचही फार मोठा वाटतो.

एलपी आली १९४८ मध्ये आणि एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावू लागली. आता कंपन्यांची हिंमत वाढली. वाद्यवृंद-संचालक अंटाल डोराटीने १९६९ ते १९७२ या काळात डेका कंपनीसाठी हायडनच्या सगळ्या सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, मुद्रित केल्या. वाद्यवृंद होता फिलहार्मोनिया हंगारिका; १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेल्या वादकांनी तो उभा केला होता. शंभराहून अधिक सिंफनी, त्यातल्या कित्येक तोवर फारशा कोणी ऐकलेल्याही नाहीत, आणि वाजवणारे देश सोडून आलेले. दुसरा मोठा प्रकल्प बाखच्या कँटाटांचा. निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि गुस्ताफ लेओनहार्ट यांनी १९७१ मध्ये सुरुवात केली आणि जवळपास दोन दशकांनी तो संपवला. बाखच्या काळची वाद्यं, उंच पट्टीला स्त्रियांऐवजी मुलगे, आणि दर संचासोबत छापील स्वरलेखन. सुरुवातीला अनेकांना तो आवाज रुचला नाही. आज बाख तशा वाद्यांवर ऐकणं हीच रीत झाली आहे.

१९८२ मध्ये सीडी आली आणि हिशेब पालटला. चौऱ्याहत्तर मिनिटं, मध्ये उठायचं काम नाही. मोझार्टच्या द्विशताब्दीसाठी १९९०-९१ मध्ये फिलिप्सने १८० सीडींची मालिका काढली. अशा आकाराचं काम बाजारात खपतं हे तिने दाखवून दिलं. त्यानंतर स्वस्ताईची लाट आली ती हॉलंडमधून. ब्रिलियंट क्लासिक्स या कंपनीचे बाख आणि मोझार्टचे भलेमोठे संच क्रुइडफाट नावाच्या, शाम्पू-साबण विकणाऱ्या दुकानांच्या साखळीतून विकले गेले. बाखच्या कँटाटा पीटर यान लोइसिंक याने दीड वर्षाच्या आत-बाहेर उरकल्या. घाई कानाला जाणवते, तरी ज्या घरांत कधी बाख गेला नसता तिथे तो या दुकानांमुळे गेला.

संच एवढे मोठे आणि तुलनेने स्वस्त का झाले याचं दुसरं कारण कंपन्यांच्या विलीनीकरणात आहे. १९९८ पासून डेका, डॉइचे ग्रामोफोन आणि फिलिप्स ही तिन्ही नावं युनिव्हर्सलच्या एका छताखाली आली. ईएमआयचा अभिजात संगीताचा ठेवा २०१३ मध्ये वॉर्नरकडे गेला. पन्नास-साठ वर्षांची ध्वनिमुद्रणं एका मालकाकडे, त्यांचा खर्च कधीच वसूल झालेला. उरतं ते निवडणं, छापणं आणि खोक्यात भरणं.

याचा कळस म्हणजे २०१६ चा 'मोझार्ट २२५': दोनशे सीडी, दोनशे चाळीस तास. त्या वर्षी अमेरिकी पत्रिका बिलबोर्डने बातमी दिली की विकल्या गेलेल्या सीडींच्या संख्येत मोझार्टने हयात गायकांनाही मागे टाकलं. आकडा होता साडेबारा लाखांचा. पण संचातली प्रत्येक सीडी स्वतंत्र धरून तो काढलेला. विकले गेलेले संच सव्वासहा हजारांच्या आसपास. जगभरात सव्वासहा हजार घरं! मला हा आकडा छोटा वाटत नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईचं रिदम हाऊस बंद झालं. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघायचं, सीएसटीला उतरून चालत काळाघोड्याला जायचं आणि तिथे हाताळून, ऐकून विकत घ्यायचं, ही नाशिकच्या रसिकांची वाट तिथे संपली. पुढे २०१८ मध्ये बाखचा २२२ सीडींचा संच आला आणि २०२० च्या जयंतीसाठी बीथोवेनचा ११८ सीडींचा. हे घ्यायचे ते पडद्यावरचं चित्र बघून.

म्हणून चित्रापलीकडे काही गोष्टी पाहून घ्याव्यात. संच एकाच कलावंताच्या हातचा आहे की अनेकांच्या ध्वनिमुद्रणांतून वेचलेला? दोन्हींत मजा आहे, पण ती वेगवेगळी. मासाकी सुझुकीने जपानमध्ये १९९५ ते २०१३ या काळात मुद्रित केलेल्या कँटाटा सलग ऐकल्या तर एकच आवाज वर्षागणिक परिपक्व होताना ऐकू येतो. संग्रहित संचात एकाच रचनेच्या जुन्या-नव्या वाद्यांवरच्या आवृत्त्या शेजारी मिळतात. गायनाच्या रचनांचे शब्द आणि त्यांचं भाषांतर छापील दिलंय का, हे तर पाहाच. स्वस्त संचांत पहिली काटछाट तिथेच होते, आणि शब्दांशिवाय कँटाटा अर्धीच ऐकली जाते. संशयित आणि अपुऱ्या रचना घेतल्या आहेत की गाळल्या, हेही विचारावं. सीमाशुल्क आणि टपालखर्च धरून रक्कम मोजावी. घरात सीडी वाजवायची सोय आहे का, हेही बघावं. नव्या लॅपटॉपात ती नसते.

सूचीचं काम अजून थांबलेलं नाही. २०२४ मध्ये कोशेलच्या सूचीची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात लाइपझिगच्या ग्रंथालयात सापडलेली, मोझार्टने पोरवयात लिहिलेली एक छोटी सेरेनेड केव्ही ६४८ म्हणून नोंदवली गेली. २०१६ च्या दोनशे सीडींत ती असणं शक्यच नव्हतं. मोठे संच जयंती-पुण्यतिथीचा मुहूर्त साधूनच येत आले आहेत, आणि बीथोवेनची द्विशताब्दी पुण्यतिथी २०२७ मध्ये आहे, शूबर्टची २०२८ मध्ये. या दोघांपैकी कोणाचा संच मनात असेल त्याने तोवर थांबावं. बाख हवा असेल तर थांबण्याचं कारण नाही. चार-पाच रसिकांनी मिळून एक संच मागवावा आणि आळीपाळीने ऐकावा. नाशिकात ते सहज जमेल.