लाइटवाला अ‍ॅल्युमिनियम बोर्ड आणि अ‍ॅक्रेलिकची अक्षरं

दुकानाच्या शटरवर रात्री उजळणारा जो बोर्ड असतो, मागे अ‍ॅल्युमिनियमचं शीट, पुढे अ‍ॅक्रेलिकची अक्षरं आणि आत एलईडी, त्याला आपल्याकडे कुणी एलईडी बोर्ड म्हणतं, कुणी ग्लो साइन, कुणी नुसतं एसीपी बोर्ड. याच्या आधी पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्या होत्या, निऑनच्या नळ्या होत्या (जॉर्ज क्लोदने 1910 मध्ये पॅरिसला दाखवल्या त्या), मग ट्यूबलाइट टाकलेला फ्लेक्सचा डबा आला. फ्लेक्स अजूनही स्वस्त पडतो पण उन्हाने उडतो आणि फाटतो.

एसीपी म्हणजे सलग अ‍ॅल्युमिनियम नाही. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिक, जाडी बहुतेक 3 किंवा 4 मिमी, शीट आठ बाय चार फुटांचं. मागच्या बाजूने राउटरने (फिरत्या पात्याने कोरणाऱ्या मशीनने) व्ही आकाराची खाच मारायची, पुढचा पत्रा मात्र शाबूत ठेवायचा, मग हातानेच कडा दुमडून ट्रेसारखा डबा होतो आणि तो चौकोनी पाइपच्या फ्रेमवर बसवतात. खाच जास्त खोल गेली की दुमडताना पत्रा कोपऱ्यात तडकतो, ते शीट मग वायाच.

अ‍ॅक्रेलिक सीओटू लेझरवर कापतात, कड काचेसारखी चकचकीत निघते. तोच लेझर अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही म्हणून एसीपीला राउटर लागतो. आणि व्हायनल म्हणजे पीव्हीसी लेझरवर कधीच टाकू नये, त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू सुटतो, मशीन गंजतं ते वेगळंच. अ‍ॅक्रेलिक चिकटवायला क्लोरोफॉर्म वापरतात, तेही खिडक्या उघड्या ठेवूनच करायचं काम आहे, बंद खोलीत अजिबात नाही.

अक्षरं बसवायच्या पद्धती मुख्यतः दोन. एकात अक्षराचा डबाच करतात, पुढे दुधी अ‍ॅक्रेलिक, बाजूला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मागे सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड). दुसऱ्यात एसीपीमध्येच अक्षर कोरून काढतात आणि मागून अ‍ॅक्रेलिक ढकलून थोडं बाहेर आणतात. दुसरी दिसायला जास्त देखणी, पण प, म, व, ब अशा अक्षरांच्या पोटातला पत्रा सुटून खाली पडतो, तो परत अ‍ॅक्रेलिकवर नेमक्या जागी चिकटवावा लागतो, जरा सरकला तरी सकाळच्या उन्हात लगेच कळतं.

खरी कसोटी देवनागरीत आहे. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर सुटं, आपला शब्द शिरोरेषेने जोडलेला, म्हणजे अख्खा शब्द एकच तुकडा. बऱ्याच वर्कशॉपमध्ये लेझरचा बेड चार बाय तीन फुटांचाच असतो, शब्द त्याहून लांब असला की जोड द्यावाच लागतो आणि तो दोन अक्षरांच्या मधल्या शिरोरेषेतच द्यावा, अक्षराच्या अंगावर नाही, कारण रात्री जोडाची काळी रेघ दिसते. काही जण त्रास नको म्हणून शिरोरेषा अक्षरागणिक तोडून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अनुस्वार तर पूर्ण सुटा. त्याला वेगळं भोक, वेगळी वायर, आणि एवढ्याशा टिंबात नेहमीचं तीन एलईडीचं मॉड्यूल (एलईडी बसवलेला तयार छोटा तुकडा) मावतच नाही, एका एलईडीचं छोटं मॉड्यूल घ्यावं लागतं. ते गेलं की ‘गंगा’ची रात्रभर ‘गगा’. शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांनाच उंचीतला मोठा वाटा जातो, त्यामुळे त्याच पट्टीत इंग्रजी कॅपिटल अक्षरं भरून दिसतात आणि मराठी बारीक. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणून डिझाइन मराठीपासूनच सुरू करावं, इंग्रजी मग मराठीच्या मापाने बसवावं.

लाइटचा हिशोब सोपा आहे. मॉड्यूल 12 व्होल्टची, 1.2 वॅटची 50 लावली तर 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर, पण एसएमपीएस (घरच्या विजेचे 12 व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय) 80 टक्क्यांवरच चालवावा, म्हणजे निदान 75 वॅटचा घ्या. मॉड्यूलमधलं अंतर डब्याच्या खोलीइतकं ठेवावं, नाहीतर अ‍ॅक्रेलिकवर एलईडीचे दाणे दाणे दिसतात. लांब बोर्डला एकाच टोकाने सप्लाय दिला तर दुसरं टोक मंद होतं, मध्यातून द्या. बोर्ड धातूचा आहे, अर्थिंग हवंच.

अ‍ॅक्रेलिक उन्हाने अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट फुगतं. तापमान 30 अंशांनी वाढलं तर मीटरभर अ‍ॅक्रेलिक 2 मिमीच्या आसपास वाढतं आणि अ‍ॅल्युमिनियम जेमतेम 0.7 मिमी. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडायची आणि स्क्रू करकचून आवळायचे नाहीत, नाहीतर एप्रिल-मे मध्ये अक्षर तडकतंच. खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं ठेवायची, आपल्या पावसात कितीही सिलिकॉन भरलं तरी पाणी आत येतंच. आणि एसएमपीएस बोर्डच्या आत गाडून न टाकता शटरच्या बाजूला, हात पोचेल असा ठेवायचा, कारण बोर्ड विझला की बहुतेक वेळा तोच गेलेला असतो आणि त्यासाठी अख्खा बोर्ड उतरवायला लागू नये.