वाहनदिवे व परावर्तक : भारतीय कायद्यातील तरतुदी

सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या किंवा उभ्या असलेल्या वाहनाच्या चालकाला अंधारात समोरचे दिसावे आणि त्याचे वाहन इतरांना दिसावे, यासाठी कायद्याने सक्तीची केलेली प्रकाशसाधने म्हणजे वाहनदिवे व परावर्तक. दिवा स्वतःचा प्रकाश देतो, तर परावर्तक (व्यवहारात रिफ्लेक्टर) दुसऱ्याच्या दिव्याचा प्रकाश त्याच्याकडेच परत पाठवतो. या विषयातील बहुतेक तरतुदी या एका भेदावर उभ्या आहेत. भारतात त्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली केलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या पाचव्या प्रकरणात, मुख्यतः नियम १०२ आणि नियम १०४ ते १११ यांत आढळतात. अधिनियम व नियम हे दोन्ही १ जुलै १९८९ पासून अमलात आले.

त्यापूर्वीच्या मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये वाहनाची बांधणी व साधने यांविषयी नियम करण्याचे अधिकार प्रांतांकडे, पुढे राज्यांकडे होते. त्यामुळे दिव्यांची संख्या, जागा आणि त्यांवर करावयाची रंगरंगोटी यांबाबत राज्याराज्यांत फरक पडत असे. १९८८ च्या अधिनियमातील कलम ११० ने हे अधिकार केंद्राकडे गेले आणि कलम १११ खाली राज्यांकडे उरलेला भागच राहिला. पुढे पांढरा व मागे लाल हा रंगसंकेत मात्र यांपैकी कोणत्याही कायद्याहून जुना आहे. काही लेखक त्याचे मूळ जहाजांच्या दिव्यांत शोधतात, पण जहाजावर लाल व हिरवा हे रंग डावी-उजवी बाजू दाखवतात, पुढची-मागची नव्हे. गाडीच्या शेवटच्या डब्यावर लाल दिवा लावण्याची रेल्वेची पद्धत रस्त्यावरील संकेताला अधिक जवळची वाटते.

नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, मोटार वाहनाचे दिवे लावलेले असले पाहिजेत. ही वेळ घड्याळावर नव्हे तर सूर्यावर बांधलेली असल्याने ती जागेनुसार बदलते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबई आणि गोंदिया यांच्या सूर्यास्तांत साधारण अर्ध्या तासाचे अंतर पडते (ऋतुमानाप्रमाणे थोडे कमी-अधिक). एकाच राज्यात, एकाच प्रमाणवेळेत, गोंदियाच्या ट्रकला दिवे लावणे सक्तीचे झालेले असते तेव्हा मुंबईत नुकता सूर्य मावळत असतो.

मोटारीला दोन किंवा चार आणि मोटारसायकल व तीनचाकी यांना एक किंवा दोन हेडलाइट असावेत आणि त्यांच्या उजेडात १५५ मीटरवरील माणसे व वाहने स्पष्ट ओळखू यावीत, असे हाच नियम सांगतो. मोटारीच्या मागील दोन लाल दिव्यांनाही तेवढ्याच अंतरावरून दिसण्याची अट आहे. मागील नोंदणी क्रमांकावर पांढरा उजेड पडून तो १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. १५५ हा आकडा कोठून आला याचा खुलासा नियमांत नाही. इंग्रजीभाषक देशांच्या वाहतूक कायद्यांत ५०० फूट हे अंतर वारंवार येते आणि त्याचे १५२.४ मीटर होतात. तेव्हा जुन्या फुटांचे मीटर करताना वरच्या बाजूला केलेली ही गोळाबेरीज असावी, हे अनुमान संभाव्य दिसते. ताशी ८० किमी वेगाने जाणारे वाहन १५५ मीटर अंतर सुमारे सात सेकंदांत कापते.

समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठीचा नियम १०६ भूमितीच्या भाषेत लिहिलेला आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, अशा व्यक्तीला झोत दिपवणार नाही इतका तो खाली वळवलेला असावा, किंवा चालकाला तो तसा खाली वळवता यावा. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने समोरून येणारा माणूस उजव्या हाताला असतो, म्हणून अंतर उजवीकडे मोजले जाते. दीड मीटर ही उंची उभ्या माणसाला किंवा जीपमधील चालकाला लागू पडेल, परंतु आजच्या बुटक्या मोटारीत बसलेल्याचे डोळे त्याहून बरेच खाली असतात आणि झोताचा प्रखर भाग तर खालीच असतो. या बाबतीत नियमाचे मोजमाप जुने झाले आहे असे म्हणावे लागते.

चालकांच्या बोलीत याच तरतुदीला ‘डिपर’ म्हणतात आणि ट्रकच्या मागे रंगवलेली ‘यूज डिपर अॅट नाइट’ ही विनंतीही तिचीच आहे. नेहमीच्या ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी बसवलेली असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे हेडलाइटच्या आतील आरशाचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि तेथून परतलेला झोत रस्त्याकडे झुकतो. ही तार मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे झाली तरी झोताची धार बिघडते. म्हणूनच १००/९० वॅटचे बल्ब किंवा बाजारात मिळणारे एलईडी जुन्या घरात खुपसल्यावर उजेड वाढतो पण डिपर डिपर राहत नाही. दिव्याच्या संचाची मान्यता त्यासाठी ठरलेल्या बल्बपुरतीच असते, दुसऱ्या कोणत्याही बल्बसाठी नव्हे, ही गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. युरोपातून आणलेल्या मोटारींची अडचण वेगळी असते. तेथील बहुतेक देशांत उजवीकडून वाहतूक चालत असल्याने त्यांच्या डिपरचा वर उचललेला कोपरा उजवीकडे असतो, आणि तो येथे नेमका समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो.

हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा वरच्या भागात काळा पट्टा रंगवण्याची पद्धत मध्यमवयीन वाचकांना आठवत असेल. ती कोठून आली यावर मतभेद आहेत. लोकप्रिय समजुतीनुसार ती युद्धकाळातील ब्लॅकआउटची खूण आहे, आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत हेडलाइट काळे केले जात होते हे खरे आहे. तथापि ब्लॅकआउटचा हेतू विमानातून दिवा दिसू नये हा होता आणि त्यासाठी काचेचा मोठा भाग झाकावा लागे. मध्यभागीच्या रुपयाएवढ्या ठिपक्याने ते साधत नाही. हा ठिपका राज्यांच्या अखत्यारीतील काळात दिपवणूक टाळण्यासाठी पडलेल्या रिवाजाचा अवशेष आहे, हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने मात्र ठिपक्याचा उपयोग मर्यादितच होता, कारण त्याने प्रकाश थोडा कमी होतो पण झोताची दिशा बदलत नाही.

थांबलेल्या वाहनाविषयीच्या तरतुदी चालत्या वाहनाच्या तरतुदींइतक्या परिचित नाहीत, परंतु अपघातांच्या दृष्टीने त्या अधिक महत्त्वाच्या मानाव्या लागतात. नियम १०९ प्रमाणे मोटारसायकली आदी अपवाद वगळता प्रत्येक मोटार वाहनाला पुढे दोन पांढरे किंवा पिवळसर आणि मागे दोन लाल पार्किंग दिवे असावेत व वाहन रस्त्यावर उभे असतानाही ते चालू राहावेत. नियम १०७ मालवाहू वाहनांच्या वरच्या चार कोपऱ्यांवरील दिव्यांविषयी आहे. त्यातून तीनचाकी आणि २.१ मीटरपर्यंत रुंदीची वाहने वगळली आहेत, आणि मागे पूर्ण बॉडी नसलेल्या गाडीला मागचे वरचे दिवे लागत नाहीत. व्यवहारात बॅटरी उतरेल या भीतीने उभ्या ट्रकचे दिवे बंद असतात आणि त्याच्या मागे दगड व झाडाची फांदी ठेवलेली असते. लाल त्रिकोणी इशाराफलक वाहनात असणे आवश्यक असले तरी तो पिशवीतून बाहेर पडतोच असे नाही.

येथे परावर्तकाचे महत्त्व लक्षात येते, कारण त्याला बॅटरी लागत नाही. नियम १०४ नुसार मोटारी व ट्रेलर यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल परावर्तक आणि मोटारसायकलीच्या मागे किमान एक परावर्तक हवा. मोठ्या मालवाहू वाहनांना याशिवाय परावर्ती पट्ट्या लागतात. त्या पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल असतात. पट्टी किमान ५० मिमी रुंद असते व तिचा दर्जा एआयएस-०९० या मानकाने ठरतो. ही मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था प्रसिद्ध करते. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात ट्रेलरचे मागील परावर्तक टोक वर असलेल्या समभुज त्रिकोणाचे असावेत अशी तरतूद आहे, म्हणजे पुढचे वाहन एकटे आहे की जोडलेले हे आकारावरूनच कळावे.

मराठीत परावर्ती पट्टीला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. ‘रेडियम आर्ट’च्या दुकानात नंबरप्लेटही होते आणि ट्रॉलीला रेडियमही मारून मिळते. रेडियम हे मूलद्रव्य १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने शोधले, आणि त्याच्या क्षारांपासून केलेला, अंधारात स्वतःहून उजळणारा रंग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळांच्या काट्यांवर व आकड्यांवर लावला जाई. अंधारात चमकणारी वस्तू म्हणजे रेडियम हा अर्थ घड्याळांतून बोलीत आला आणि पुढे कोणत्याही चकचकीत चिकटपट्टीला चिकटला, असे मानणे सोयीचे आहे. हा शब्द व्यापारी नावावरून रूढ झाला असेही म्हटले जाते, परंतु ते कोणते नाव हे सांगितले जात नाही, त्यामुळे पहिला पक्ष अधिक ग्राह्य ठरतो.

हा केवळ शब्दाचा घोळ नाही. रेडियम लावले म्हणजे गाडी अंधारात चमकते, या समजुतीने टेललाइट दुरुस्त करणे राहून जाते. पट्टीचा तुकडा अंधाऱ्या खोलीत ठेवला तर तो काळाच दिसतो. विजेरी कपाळाशी धरून त्यावर टाकली तर तो झगझगतो, आणि तीच विजेरी हात लांब करून बाजूने टाकली की मंदावतो. पट्टीतील सूक्ष्म काचमणी किंवा लोलक आलेला किरण ज्या दिशेने आला तिकडेच परत पाठवतात. आरसा असे करत नाही. त्यामुळे मागून येणाऱ्याचा हेडलाइट बंद असेल, किंवा सायकलस्वाराकडे दिवाच नसेल, तर पुढचा परावर्तक त्याच्यासाठी नसल्यासारखाच असतो. चिखलाचा पातळ थरही पट्टीला निकामी करतो.

नियम १०८ लाल, पांढऱ्या व निळ्या दिव्यांच्या वापराविषयी आहे. रुग्णवाहिकेसाठी त्यात जांभळ्या काचेच्या लुकलुकत्या लाल दिव्याचा उल्लेख येतो. महनीय व्यक्तींच्या गाड्यांवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. वाहतुकीच्या वाहनांना पुढे स्पॉटलाइट लावण्यास नियम १११ ने मनाई केली असून अपवादासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते. नव्या दुचाकींचा हेडलाइट १ एप्रिल २०१७ पासून इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तरीही समोरून येणारे अनोळखी लोक भरदुपारी पाच बोटांची उघडमीट करून ‘लाइट चालू आहे’ असे अजूनही कळवतात.

दंड मुख्यतः अधिनियमाच्या कलम १७७ खाली होतो. २०१९ च्या सुधारणेने पहिल्या गुन्ह्याची कमाल रक्कम १०० वरून ५०० रुपये आणि पुढील गुन्ह्यांची ३०० वरून १,५०० रुपये झाली. व्यापारी वाहनांची तपासणी योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी होते, आणि त्या दिवसापुरत्या पट्ट्या नव्या दिसतात.

यंत्राशिवाय चालणारी वाहने या नियमांच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) च्या कलम ३३ खाली दिव्यांची संख्या, जागा व वेळ ठरवता येते. पुण्यासारख्या शहरात बिनदिव्याच्या सायकलवर होणारी कारवाई याच परंपरेतील होती. सायकलींच्या परावर्तक साधनांसाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, पण तो विक्रीला लागू होतो. विकत घेतलेल्या सायकलवरचा परावर्तक पुढे टिकतो की नाही, हे त्यात येत नाही.

या पोकळीचा सर्वांत मोठा परिणाम पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातील ऊसवाहतुकीत दिसतो. गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, अंगद (ट्रॅक्टरला जोडलेल्या छोट्या गाड्या) आणि बैलगाड्या रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात. ट्रॅक्टर-ट्रॉली नियमांत येते, मात्र मोळ्या मागे फूट-दोन फूट बाहेर आल्या की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) लोंबून परावर्तक आणि टेललाइट दोन्ही झाकतात, आणि कागदोपत्री असलेले साधन रस्त्यावर उरत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला परिवहन अधिकारी व कारखाने परावर्ती कापडी फलक वाटतात. तो वाहनावर नव्हे तर उसावर बांधायचा असतो. बैलगाडीला पूर्वी आखाखाली कंदील टांगत. आता काही गाडीवान बैलांच्या शिंगांना रेडियम लावतात. समोरून येणाऱ्याला बैलांचे डोळे चमकलेले तसेही दिसतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागील बाजूस नैसर्गिक परावर्ती थर असतो. गाडीचा मागचा भाग मात्र अंधारातच राहतो, आणि बैलगाडी हे मोटार वाहन नसल्याने नियम १०४ तेथे लागू होत नाही.