शस्त्रक्रियापूर्व चिंतानिवारण (परिचर्या)

शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाची धास्ती शामक औषधांवाचून, परिचारिकेने दिलेली माहिती, संवाद व सोबत यांनी कमी करण्याची पद्धत. भूल, वेदना, परावलंबन व मृत्यू यांची भीती ही चिंतेची नेहमीची कारणे होत.

या पद्धतीचा उगम कोठे धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय १९) व्रणिताला (जखमी रुग्णाला) गोष्टी सांगून वेदनेचा विसर पाडणाऱ्या सुहृदांचा उल्लेख येतो. संहितेचा काळ अनिश्चित असून तिच्यात वेगवेगळ्या काळांतील लेखनाचे अनेक थर असावेत. शिवाय हा उपदेश व्रण झाल्यानंतरचा आहे. त्यामुळे त्याला पूर्वसूरी म्हणता येईल, उगम नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नोट्स ऑन नर्सिंग (१८५९; काही ठिकाणी १८६०) या पुस्तकात अनिश्चितता व वाट पाहणे रुग्णाला अपायकारक असल्याचे बजावले; मात्र तो सर्वसाधारण शुश्रूषेचा विचार होता. प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार अमेरिकेतील संशोधक ऱ्हेटॉ ड्यूमस व रॉबर्ट लेनर्ड यांच्या १९६३ च्या अभ्यासापासून मिळतो, म्हणून आरंभ तेथेच मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिकेने अस्वस्थतेचे कारण विचारून ती दूर केलेल्या स्त्रियांना नंतर उलट्यांचा त्रास कमी झाला. १९६४ मध्ये एग्बर्ट व सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदनेविषयी आधी समजावलेल्या गटाला अफूजन्य वेदनाशामके सुमारे निम्मी लागली. तेथे समजावणारे भूलतज्ज्ञ होते, परिचारिका नव्हेत, हे विसरता कामा नये.

मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस (१९५८) यांच्या मते शस्त्रक्रियेपूर्वीची मध्यम भीती रुग्णाला उपकारक असते. पुढील संशोधनात हा संबंध सातत्याने आढळला नाही.

परिचर्या-संशोधक जीन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडलेला भेद व्यवहारात फार मोलाचा आहे: काय केले जाईल एवढेच नव्हे, तर रुग्णाला काय जाणवेल हेही सांगावे, उदा., थिएटरमधला गारवा, डोळ्यांवरचा प्रखर दिवा, शुद्धीवर येताना कोरडा पडलेला घसा. श्वसनाचे व शिथिलीकरणाचे व्यायाम, थिएटरच्या दारापर्यंत नातेवाइकाची सोबत आणि संगीत ही इतर साधने. संगीताविषयीच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा; २०१३) २६ चाचण्या व २,०५१ रुग्ण होते. चिंता घटल्याचे दिसले, पण पुराव्याचा दर्जा कमी होता.

चिंतेच्या मापनासाठी मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांची ४० विधानांची प्रश्नावली (१९७०) वापरतात. वॉर्डात मात्र नेदरलँड्समधील मूरमन व सहकाऱ्यांची सहा विधानांची श्रेणी (१९९६) सोयीची. तिच्यातील दोन विधाने माहितीची गरज मोजतात. ती गरज अल्प असलेल्या रुग्णावर तपशील लादू नयेत.