मनाला सावरणं वेगळं, पळ काढणं वेगळं

ताणतणावाच्या कार्यशाळेत हमखास दोन रकाने दाखवतात. डावीकडे प्रश्नाला हात घालणं, उजवीकडे स्वतःच्या मनाला सावरणं. इथवर ठीक. मग पुढची स्लाइड येते आणि डावा रकाना हिरवा, उजवा लाल! ज्यांच्या नावावर हे खपवलं जातं, त्या मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी असलं काही म्हटलेलं नाही. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या १०० स्त्री-पुरुषांनी वर्षभरातले ताणाचे प्रसंग सांगितले. जवळपास प्रत्येक प्रसंगात लोकांनी दोन्ही गोष्टी केल्या होत्या. (डिफेन्स मेकॅनिझम, म्हणजे मनाच्या बचावाच्या युक्त्या, यात घुसडू नका. त्या नकळत चालतात. इथे बोलणं चाललंय ते जाणूनबुजून करतो त्याबद्दल.)

प्रश्नाला हात घालणं आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. माहिती काढायची, ओळख शोधायची, कागदपत्रं जमवायची, पैशांची सोय लावायची. पुढे जाऊ.

खरी गल्लत होते ती मनाला सावरणं आणि पळ काढणं यांत, कारण बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. डायलिसिसचंच घ्या. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास यंत्राला जोडून पडावं लागतं. त्या चार तासांत त्याने मोबाइलवर मॅच लावली, तर ते सावरणं. सुया टोचून झाल्यात, रक्त यंत्रातून फिरतंय, करण्यासारखं होतं ते सुरूच आहे. उरलेला वेळ छताकडे बघत काढण्यात कसलं आलंय शौर्य? तोच माणूस मॅचसाठी गुरुवारची पाळी चुकवतो, तेव्हा मात्र ते पळणं.

रडण्याचंही तसंच. बहिणीला फोन करून ढसाढसा रडला, फोन ठेवला आणि डायलिसिसवर पाणी मापातच प्यायचं असतं म्हणून दिवसभराचं पाणी मोजून बाटलीत भरलं, तर ते रडणं कामी आलं. रडून झाल्यावर ‘आजच्या दिवसाने काय होतंय’ म्हणत तांब्याभर ताक पोटात गेलं, तर पुढच्या पाळीला वजनकाटा ते दाखवतोच. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोय’ म्हणणाऱ्या काकांना यातला फरक कळत नाही. ते बिनरडता पथ्य मोडणाऱ्याला खंबीर म्हणतात.

म्हणून मी नुसती कृती बघत नाही, तिच्या आगेमागे काय चाललंय ते बघते. जे झालंय ते मान्य आहे का? आणि हातात आहे तेवढं होतंय का? दोन्हींना ‘हो’ असेल तर भजनी मंडळात जा, मालिका बघा, देवाला चार शिव्या घाला. माझी हरकत नाही.

याच्या उलटही एक सोंग असतं आणि ते पकडायला जास्त अवघड, कारण त्याचं घरात कौतुक होतं. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव घालणं, लागतील त्या तपासण्या वेळेत करणं, हे आपल्या हातात. यादीत नाव लागल्यावर रोज फोन केल्याने क्रमांक वर सरकत नाही. रात्री दोन वाजता क्रिएटिनिनवरचे (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) व्हिडिओ बघणं, त्याच रिपोर्टवर पाचवं मत घेणं, हेही त्यातलंच. ‘केवढी धडपड करतोय पोरगा!’ धडपड खरी, पण काळजीच नवे कपडे घालून आलेली असते.

मार्च १९७९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. वर्ष उलटून गेलं तरी आसपासच्या रहिवाशांचा ताण ओसरलेला नव्हता. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू बॉम आणि सहकाऱ्यांनी त्यांची पाहणी केली, तेव्हा मनाला सावरण्यावर भर देणाऱ्यांत ताणाची लक्षणं कमी आढळली आणि प्रश्न सोडवायच्या मागे लागलेल्यांत जास्त. अणुभट्टीवर त्यांचा काडीचाही ताबा नव्हता. यावरून ‘धडपड सोडा, ध्यान करा’ असं कुणी काढू नये. डायलिसिसवाल्याने पाण्याचं माप सोडून नुसतं ध्यान केलं तर पायांवर सूज येणारच. एकाच आजारपणात काही धागे हातात असतात, काही नसतात, आणि ते रोज वेगळे करत बसावं लागतं. कंटाळवाणं काम आहे.

राहता राहिलं ‘पॉझिटिव्ह राहा’. हे दोन्हींपैकी कुठल्याच रकान्यात बसत नाही. यातून प्रश्न सुटत नाही, मनही सावरत नाही, फक्त बोलणाऱ्याला विषय बदलता येतो. भेटायला जाणारच असाल तर शनिवारच्या पाळीला सोबत कोण जातंय ते विचारा, आणि कुणी नसेल तर तुम्ही जा. मोबाइल चार्ज करून न्या, मॅच असेल.