नवा बँड ऐकायला बेळगाव घराबाहेर का पडतं?

पुण्याहून बेंगळुरूला कार्यक्रमासाठी गाडीने निघालेला बँड बेळगाववरूनच जातो. इथून पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आत, बेंगळुरू पाचशे, हुबळी शंभर आणि चोर्ल्याचा घाट उतरलं की पणजी सव्वाशेच्या आसपास. एवढं मधोमध असूनही तो बँड इथे थांबत नाही. थांबलाच तर महामार्गावरच्या धाब्यावर जेवायला. मग इथली पोरं उलटा प्रवास करतात. शनिवारी गाडी पकडून पुणे किंवा बेंगळुरू, कधी दोघं-तिघं मिळून दुचाकीवरून गोवा, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर. घरचे विचारतात, "मोबाइलवर मिळतंय की सगळं, एवढं लांब कशाला?" त्या घरच्यांच्याच आजोबा-पणजोबांनी नाटक कंपनीच्या गाडीची वाट पाहिलेली असते. म्हणून या वेडामागचा इतिहास एकदा सलग मांडायला हवा.

सुरुवात सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरपासून करावी लागते. अण्णासाहेब किर्लोस्कर तिथे १८४३ मध्ये जन्मले आणि पुढे बेळगावात सरकारी नोकरीत होते. पुण्यात त्यांनी पारशी कंपनीचा 'इंद्रसभे'चा गाता खेळ पाहिला आणि असं मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटक आपल्या पायावर उभं राहिलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी वाटते की हे सगळं एका प्रेक्षकाच्या भारावून जाण्यातून घडलं. सीमाभागातला एक माणूस समोर चाललेला कार्यक्रम ऐकून परतला आणि स्वस्थ बसू शकला नाही.

त्यानंतर दहाएक वर्षांतच पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही रेल्वे झाली. पडदे, पेट्या, तबले, दागिन्यांच्या ट्रंका आणि अख्खं बिऱ्हाड घेऊन कंपन्या उतरत, मुक्काम ठोकत आणि पुढे धारवाड-हुबळीकडे सरकत. मुक्काम हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एक रात्र गाऊन कंपनी निघून जात नसे. आज एक खेळ, दोन दिवसांनी दुसरा, आणि मधल्या वेळात गावभर चर्चा: कालचं पद चढलं का, नवा नट कसा गातो, साथीला कोण होतं. १९१३ मध्ये निघालेल्या बालगंधर्वांच्या कंपनीने या पट्ट्यातल्या कन्नड घरांनाही मराठी पदांची गोडी लावली. उलट दिशेनेही तेच झालं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, कन्नड मुलखातले; पण मराठी रंगभूमीवर त्यांनी नाव काढलं. इथल्या श्रोत्याने गाणाऱ्याची घरची भाषा कधी विचारलीच नाही. राजकारणात भाषेवरून काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण मैफलीत ते आड आलं नाही.

बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकळी जन्मले, तेच कुमार गंधर्व. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्या हुबेहूब गाऊन दाखवायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जरा थांबून विचार केला, तर त्यात आजच्या ऐकणाऱ्यांची गोष्टही सापडते. तबकडीमुळे खेड्यातल्या पोराला दूरचा गवई घरबसल्या मिळाला. मात्र तेवढ्यावर भागलं नाही, त्याला माणसांसमोर बसून गावं लागलं. मुंबईच्या एका परिषदेत तो गायला तेव्हा ऐकणारे थक्क झाले आणि प्रो. बी. आर. देवधरांकडे त्याचं शिक्षण सुरू झालं. पुढे आजारपणामुळे देवासला गेल्यावर माळव्यातली निर्गुणी भजनं त्यांनी देशभर पोहोचवली. आज बेळगावचं रंगमंदिर त्यांच्या नावाने आहे.

त्याच १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये गंगूबाई हनगल होत्या, वय अकरा. ज्यांनी त्या दिवशी तो आवाज ऐकला, त्यांना पुढे कोण घडणार आहे हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. नाव होण्याआधी ऐकण्याचा आनंद यालाच म्हणायचं.

धारवाड आकाशवाणी १९५० साली सुरू झाली, सांगली १९६३ साली. रेडिओ, मग कॅसेट, मग सीडी यांनी ओळखी करून दिल्या. पण रेडिओवर आवडलेला गवई प्रत्यक्ष ऐकायला माणसं पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जातच राहिली. तो १९५३ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबरात पुण्याला जाणं हा इथल्या कितीतरी घरांचा शिरस्ता झाला. आजच्या पोरांची शनिवारची गाडी हा त्याच शिरस्त्याचा पुढचा भाग आहे.

हे झालं बैठकीचं गाणं. उघड्यावरचा नाद वेगळा आणि माझ्या मते बँड ऐकणारा कान तिथेच तयार होतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत चौंडकं जवळून पाहावं. पोकळ लाकडी नळकांडं काखेत दाबलेलं, त्याच्या तळाला ताणलेलं कातडं, कातड्याच्या मधोमध ओवलेली एकच तार. जोगतीण एका हाताने तार ताणते-सैल करते आणि दुसऱ्या हाताने छेडते. त्या एका तारेतून ठेका आणि सूर दोन्ही निघतात, नि गाणं मराठीतून कन्नडमध्ये कधी गेलं ते कळतही नाही. करडी मजल या इथल्या लोकवादनात ढोल, सनई आणि मोठ्या झांजा असतात. त्या झांजा कानाशी वाजल्या की छातीत घुमतात. खेड्यांतली सोंगी भजनं, यात्रेतली नाटकं, शिवजयंतीच्या चित्ररथांपुढची झांजपथकं, गणपतीतला ऑर्केस्ट्रा हे सगळं उभ्याने, गर्दीत, फुकट ऐकलेलं संगीत आहे. त्यात कॅम्प भागाची, म्हणजे लष्करी छावणीची भर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथे आहे, त्यामुळे पितळी वाद्यांचा लष्करी बँड ही बेळगावकरांना नवलाईची गोष्ट नाही.

गिटार आणि ड्रमसेट आले ते कॉलेजांमधून. मेडिकल आणि इंजिनीअरिंगला देशभरातून मुलं येऊ लागली आणि आपापल्या आवडी घेऊन आली. वसतिगृहाच्या खोल्यांतून कॅसेटी फिरल्या. तिकडे मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरत होता, दिल्लीत १९९० मध्ये इंडियन ओशन हा बँड उभा राहिला, बेंगळुरूत १९९६ मध्ये थर्मल अँड अ क्वार्टर, म्हैसुरात २००२ मध्ये स्वरात्मा. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा अनेक मंचांचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा एका तिकिटात वीस-पंचवीस न ऐकलेली नावं मिळायला लागली. नव्या बँडच्या शोधात असलेल्याला याहून काय हवं? मुख्य मंचावरचं मोठं नाव सोडून दुपारच्या उन्हात लहान मंचासमोर उभं राहायचं आणि त्यातला एखादा मनात घर करतो.

या बँडांनी आणलेलं सगळंच परकं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. रघू दीक्षित प्रोजेक्टचा २००८ चा अल्बम इथल्या पोरांनी डोक्यावर घेतला. 'गुडुगुडिया सेदी नोडो' ही त्यातली रचना शिशुनाळ शरीफांची. शरीफ एकोणिसाव्या शतकातले संतकवी, हावेरी जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या शेजारचे. इंडियन ओशनने २००३ मध्ये 'झीनी' काढला, त्यात कबीर आहे. आजोबा कुमार गंधर्वांच्या भजनांतला कबीर ऐकत, नातू गिटारवरचा ऐकतो, आणि दोघांना एकमेकांचा ऐकवता येतो. मी ते होताना पाहिलं आहे आणि त्यासारखं सुख नाही.

मग बँड बेळगावात थांबत का नाहीत? श्रोता नाही म्हणून नव्हे. पूर्वीची कंपनी मुक्कामाला यायची, कारण एका गावात आठ-दहा खेळ लावले की खर्च निघायचा. आजचा बँड एका रात्रीचा हिशेब करतो आणि तो मोठ्या शहरातच जुळतो. दुसरं कारण वेळेचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद. शांतता सगळ्यांनाच हवी, डॉल्बीच्या भिंतींनी लोकांचा जीव नकोसा केला हेही खरं. पण त्यात रात्रभराच्या मैफली गेल्या, पहाटेचे राग दिवाळी पहाटेपुरते उरले, आणि कॉलेजच्या मैदानावर शेवटच्या बँडच्या वाट्याला वीस मिनिटं येऊ लागली. साउंड चेक, म्हणजे आधीची आवाजाची जुळणी लांबते, कारण समोरच्या इमारतीवर आपटून ड्रमसेटमधल्या स्नेअरचा आवाज परत येतो आणि मिक्सरवाला पडदा लावू की स्पीकर फिरवू या विवंचनेत असतो. तेवढ्यात नऊ वाजतात.

नियमात बंद सभागृहाला सवलत आहे. बेळगावात नाटकाची मोठी सभागृहं आहेत. नाही ती दीड-दोनशे माणसं उभी राहतील, आवाज बाहेर जाणार नाही आणि भाडं नव्या बँडला झेपेल अशी लहान जागा. ती झाली तर पुणे-बेंगळुरूच्या मधला गुरुवार रिकामा असलेला कुठलाही बँड इथे वाजवून पुढे जाईल, आणि खानापूर-निपाणीच्या पोरांना तिकिटाइतकेच पैसे प्रवासावर घालवावे लागणार नाहीत.